आप्पांसाठी करांदे

मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पा मला निरोप द्यायला घरी थांबले नाहीत. भाऊने माझी ट्रंक बैलगाडीत ठेवली, मायने हातावर दही घातलं, शेजारच्या बाया दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि आप्पा पहाटेच वावरात निघून गेलेले. मी उगाच धोतराच्या घडीत काहीतरी शोधल्यासारखं करत वेळ काढत होतो. मायला ते कळलं. ती म्हणाली, "त्यायच्यासाठी थांबू नको. मोटर चुकीन."

गेले आठ दिवस आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. यावलजवळचं आमचं गाव, जमीन थोडी, पण विहीर चांगली. दोन भावांनी मिळून ती करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मी मात्र भुसावळला जाऊन पाइप फिटरचं काम शिकलो, आणि तारापूरला विजेचं मोठं केंद्र बांधतात, तिथे माणसं घेतात, असं कळल्यावर अर्ज करून मोकळा झालो. बोलावणं आलं तेव्हाच घरात सांगितलं. आप्पांनी कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला, आणि परत दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. "तठी काय खाशीन?" एवढंच त्यांनी विचारलं होतं, आणि मी उत्तर द्यायच्या आत ते उठून गोठ्यात गेले होते.

गाडी केळीची बाग ओलांडून आमच्या वावराजवळ आली तेव्हा बांधावरून धूर वर जात होता. भाऊने न विचारता बैल थांबवले. आप्पा बांधावरून उतरून आले. त्यांच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी ट्रंकेवर ठेवलं, बैलाच्या पाठीवर एकदा हात फिरवला, आणि वळून गेले. पानात चार वांगी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सालीसकट, अजून गरम.

सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत नंदुरबारच्या पुढे मी ती खाल्ली. बोटं काळी झाली. ती धुवायला मी बराच वेळ उठलो नाही.

आप्पांना भाजण्याचा नाद होता. हे नुसतं आवडीचं म्हणून सांगत नाही. त्यांच्या हातात खाण्याचं काहीही दिलं की त्यांची नजर आधी विस्तव शोधायची. हरभऱ्याचे घाटे, ज्वारीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, कांदे, मिरच्या, सगळं ते भाजून बघायचे. हिवाळ्यात भरताची हिरवी, पोटात मऊ वांगी आली की आमच्या वावरात आठवड्याला एकदा तरी माणसं जमायची. भाकरी माय करायची, वांगी ठेचायचं काम भाऊकडे असायचं, पण भाजायला आप्पा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी लहानपणी एकदा काडीने वांगं उलटवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरून मला मागे बसवलं होतं. "आधी जाळ बसू दे," म्हणायचे. जाळ खाली बसून त्याचा आर, नुसता निखारा, झाला की मगच वांगं ठेवायचं. उठलेल्या जाळावर वांगं वरून जळतं आणि आतून कच्चं राहतं, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हाला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

तारापूरला जायला बोईसरला उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर चार दुकानं, गवताच्या गंजी आणि ताडाची झाडं. कामावर नेणाऱ्या ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "कहाँ का है?" मी जळगाव म्हणालो. त्याला ते कुठे आहे ते माहीत नव्हतं. मला तोवर वाटायचं, जळगाव सगळ्यांना माहीत असतं.

राहायला खोली मिळाली केंद्राजवळच्या घिवली गावात. घराच्या मागे समुद्र. मी समुद्र तोवर चित्रातच पाहिलेला. पहिले काही दिवस त्याच्या आवाजाने मला कापणीच्या वेळी ज्वारीत वारा शिरतो त्याची आठवण यायची, मग तेही थांबलं. ट्रंकेच्या कडा दोन महिन्यांत गंजल्या. घर हिरामावशीचं. ती विधवा, सकाळी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला बोईसरच्या बाजारात जायची. माझ्याशी बेताचंच बोलायची. महिनाभर माझा डाळभात बघून एक दिवस तिने न बोलता माझ्या चुलीतल्या निखाऱ्यावर दोन सुके बोंबील टाकले आणि ताटात आणून ठेवले. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती. माय माळकरी. मी ते बोंबील खाल्ले. घरी कधी सांगितलं नाही. भाऊ, तू आता हे वाचशील तर वाच. बाहेर पडलेल्या माणसाच्या पोटात अशा दोन-चार गोष्टी राहून जातात. माझ्याबरोबर जे निघाले, कुणी भिलईला गेले, कुणी मुंबईच्या गिरणीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पत्रं भाऊ लिहायचा. पाऊस, कपाशी, कुणाचं लग्न, आणि शेवटी एक ओळ आप्पांची. पहिल्या दोन पत्रांत ती नव्हती. तिसऱ्यात आली. "आप्पा विचारतात, तिकडे कपाशीच्या काड्या मिळतात का." मी पोस्टाजवळ उभा राहून ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. उत्तर लिहिलं की इथे कपाशी नाही, लोक सुरूची नि ताडाची लाकडं जाळतात. पुढच्या पत्रात विचारणा, "आप्पा विचारतात, ताडाचा आर टिकतो का." मी हिरामावशीला विचारून कळवलं की टिकत नाही, लवकर राख होते. असं आमचं बोलणं चालू झालं. आयुष्यात समोरासमोर आम्ही इतकं बोललो नव्हतो.

आषाढानंतर ती ओळ बंद झाली.

पत्रं येत राहिली. भाऊचं अक्षर तेच, पिकाची खबर तीच, "आप्पांची प्रकृती उत्तम" हे वाक्यही तेच. पण आप्पा काही विचारत नव्हते. मी आधी मनावर घेतलं नाही. मग आठवलं की जूनमध्ये मी कळवलं होतं, इथलं काम अजून काही वर्षं चालेल, पुढे कायम होण्याची आशा आहे. मला वाटलं, त्याचाच राग. त्यांना आत कुठेतरी वाटत असणार, पोरगा वर्ष-दोन वर्षांत परत येईल, आणि मी ते तोडून टाकलं. मी भाऊला खोदून विचारलं नाही. मलाही थोडा राग होताच. इतकी माणसं पोटासाठी जातात, माझ्याच वाट्याला हा अबोला का, असं मनात यायचं. आज ते लिहितानाही बरं वाटत नाही.

पौषात मला आठ दिवसांची रजा मिळाली. मायसाठी लुगडं घेतलं, भाऊच्या पोरींसाठी रिबिनी घेतल्या. आप्पांसाठी काय न्यावं ते सुचेना. कपडा नेला असता तर त्यांनी घडी न मोडता पेटीत ठेवला असता. मला त्यांच्यासाठी असं काहीतरी हवं होतं जे हातात घेतल्याबरोबर ते विस्तव पेटवायला उठतील. ते उठले, काड्या गोळा करायला लागले, की त्यांना माझ्याशी बोलावंच लागेल, निदान विचारावं लागेल की हे किती वेळ ठेवायचं असतं. माझा सगळा हिशोब एवढाच होता.

हिरामावशीला विचारलं तर ती म्हणाली, मुरबे गावचे बोंबील ने, तिथली बाई मीठ बेतात लावते, वाळवतेही चांगलं. मी म्हणालो, घरी चालत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हसू आवरत पुन्हा जाळ्याला टाके घालायला लागली. माझ्याबरोबरचा एक फिटर म्हणाला, घोलवडचे चिकू ने, टोपली भरून. पण चिकू काही भाजत नाहीत. मीठ न्यावं असंही मनात आलं, इथल्या आगरातलं जाड मीठ, कणसाला चोळायला. तेही पुरेसं वाटेना. मीठ त्यांच्याकडे होतंच.

शेवटी रविवारी बोईसरच्या बाजारात गेलो. डोंगराकडच्या वारली बाया कडेला ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीपुढे फाटक्या गोणपाटावर काळपट, खरबरीत कंदांचा ढीग होता. मुठीत मावतील एवढे, अंगावर बारीक केसांसारखी मुळं. मी विचारलं, हे काय. करांदे, म्हणाली. उकडून खातात, मीठ घालून. मी विचारलं, भाजून चालतात का. तिने मान वर केली.

"राखंत पुरून ठेव. निखारा वर नको, बाजूला. कडू लागंल जरा," ती म्हणाली. "कडू हाय म्हनून टाकू नको. दुसरा खाल्ला का ग्वाड लागतो."

हे बोलणं मला आप्पांचंच वाटलं. मी तिच्याकडून पिशवी भरून करांदे घेतले. तिने वर मूठभर आणखी टाकले आणि कुणासाठी, असं विचारलं. मी म्हणालो, बापासाठी. तिने त्यातले दोन नासके शोधून काढून घेतले आणि बदल्यात चांगले दिले.

दोन दिवसांच्या प्रवासात मी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. आप्पा करांदा हातात घेऊन काय म्हणतील ते मी मनात पुनःपुन्हा ठरवत होतो.

घरी पोचलो तेव्हा ओट्यावर बाजेवर आप्पा बसले होते, घोंगडी पांघरून. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही. मला वाटलं, राग अजून तसाच आहे. मग त्यांनी डाव्या हाताने घोंगडी ओढून उजवा हात झाकला, आणि तेवढ्यात मला त्यांचं तोंड दिसलं. एका बाजूला ओढलं गेलेलं.

आषाढात, पेरणी आटोपल्यावर, विहिरीवर त्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. भाऊने ते मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. मी त्याची गचांडी धरली. मोठ्या भावावर मी तोवर आवाजही चढवला नव्हता. त्याने माझा हात सोडवला नाही. तो म्हणाला, "मी तार करायला निघालोच होतो. आप्पायनंच धोतर धरलं माझं. डाव्या हातानं. सोडेचनात."

माय म्हणाली की पाच महिने ते रोज पत्राच्या वेळी भाऊजवळ सरकून बसायचे. काहीतरी सांगायचं असायचं. घशातून आवाज यायचा, पण शब्द व्हायचा नाही, मग ते मान फिरवून घ्यायचे. मी तिकडे त्यांना रागीट ठरवून बसलो होतो.

पिशवी ओट्यावरच राहिली होती. संध्याकाळी बघतो तर आप्पांनी ती डाव्या हाताने आपल्याकडे ओढून घेतली होती. एक करांदा काढून ते तो फिरवून बघत होते. नखाने त्यांनी त्याची साल थोडी खरवडली, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की हा तिकडचा कंद आहे, आरात भाजतात. ते पटकन वावराच्या दिशेने बघायला लागले. माय म्हणाली, चुलीत भाजू. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी आणि भाऊने त्यांना गाडीत घालून वावरात नेलं. ते इतके हलके झाले होते की मला एकट्यालाही उचलता आले असते. बांधाला टेकून त्यांना बसवलं. भाऊने कपाशीच्या काड्यांचा भारा आणून टाकला, आणि मग आम्ही दोघंही नुसते उभे राहिलो. विस्तव कुणी करायचा, हे आमच्या घरात कधी ठरवावंच लागलं नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

मी जाळ केला. रोज लोखंड तापवणारी, जोडणारी माणसं बघतो, माझ्या हातात कसब आहे असं लोक म्हणायचे, पण त्या दिवशी मला धीर धरवेना. मी घाईने चार करांदे टाकले. आप्पांच्या घशातून मोठा आवाज आला. ते डावा हात हवेत खाली दाबत होते, पुन्हापुन्हा, जणू जमिनीत काहीतरी बसवत होते. मला कळलं, पण उशीर झाला होता. ते चारही वरून कोळसा झाले आणि आतून कच्चे राहिले.

मग मी थांबलो. जाळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघं काही न करता बसून राहिलो. आर झाल्यावर आप्पांनी बोटाने दाखवलं तिथे मी राख उकरली, करांदे पुरले. किती वेळ ठेवायचे ते मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. पण ते राखेकडे बघत राहिले, आणि एका क्षणी त्यांनी हात वर केला. मी एक काढला, सोलला, मीठ लावून त्यांच्या तोंडात घास दिला. कडवट लागला असावा. त्यांचा अर्धा चेहरा आक्रसला. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

भाऊ आमच्याकडे पाठ करून बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांनी तासाभरापूर्वीच पाणी प्यालं होतं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी मी मायला सांगितलं की आता मी जात नाही. नोकरी सोडल्याचं पत्र पाठवतो, भाऊबरोबर वावर बघतो. मायच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. तिला तेच हवं होतं. आप्पा बाजेवर पडून होते. आम्हाला वाटलं, ते झोपलेत. त्यांनी बाजेच्या लाकडावर हात आपटला. मी जवळ गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि ओठ जुळवायला लागले. घाम आला त्यांना. माय म्हणाली, राहू द्या, कशाला तरास घेता. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"जा," ते म्हणाले.

पाच महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला स्वच्छ शब्द. मायने तोंडाला पदर लावला. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

चैत्रात तार आली. ती कामाच्या जागेवरून माझ्यापर्यंत यायला एक दिवस गेला, प्रवासात पुढचे दोन. मी पोचलो तेव्हा भाऊ अस्थी तापीत सोडून आला होता. मला आप्पा दिसलेच नाहीत. घरात माणसं भरलेली. मला बघून बाया रडल्या, मग कुणीतरी माझ्यासाठी सतरंजी अंथरली. मावसभावाने कपबशीत चहा आणला. घरातली बाकी माणसं पितळीत पीत होती. जेवताना मायने माझ्या पानाशी जास्तीचं तूप ठेवलं, माझ्या आंघोळीचं पाणी कुणी आणायचं यावरून भावजय पोरींवर रागावली. मला म्हणायचं होतं, मी आणतो की, विहीर मला माहीत आहे. म्हणालो नाही. दहा दिवस मी पाहुण्यासारखा नीट बसून राहिलो. भाऊचे डोळे सुजले होते, त्याने मडकं धरलं होतं, खांदा दिला होता. त्याला रडण्याचा अधिकार होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लोकांनी ते पाहिलं असणार.

घिवलीला परतलो तेव्हा उन्हं उतरत होती. हिरामावशी अंगणात जाळं पसरून बसली होती. माझं केस काढलेलं डोकं बघून ती उठली. काय झालं ते तिने विचारलं नाही. आत जाऊन तिने चुलीवर हंडा ठेवला, आणि पाणी तापल्यावर तो आपल्या हाताने न्हाणीत नेऊन ठेवला.

मी उंबऱ्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "तोंड दिसलं का?"

मी नाही म्हणालो.

ती माझ्या शेजारी बसली. मला एवढंच माहीत होतं की ती विधवा आहे. कशी, ते मी वर्षभरात विचारलं नव्हतं. "माज्या मानसाचं मला बी नाय दिसलं," ती म्हणाली. "होडी आली, तो नाय आला. लोकं बोलली, रड. मला नाय आलं. आठ महिन्यानं एकदा तांदूल निवडताना आलं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आंगोल मंग कर. पानी निवलं तर निवू दे."

तेव्हा मी रडलो. तिच्या उंबऱ्यावर, दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, लहान पोरासारखा. तिने मला उगी केलं नाही. पाणी पार गार झालं तेव्हा तिने उठून ते पुन्हा तापवलं.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांनी नेहमी मला विचारलं की नोकरी कायम झाल्यावर, पोरं मोठी झाल्यावर, निवृत्त झाल्यावर तरी मी परत का आलो नाही. मी इथल्या पाण्याची सवय झाल्याचं, पोरांच्या शाळेचं कारण सांगत आलो. आणि कुणी माझं गाव विचारलं तर अजूनही मी यावलकडचंच नाव सांगतो. ते खोटं नाही. पण बापासाठी मी जिथे रडलो तो उंबरा घिवलीत होता, आणि त्यानंतर मला तिथून हलता आलं नाही.